परराष्ट्र धोरण, मुक्काम चांदा जिल्हा

माझा पीएच.डी.चा विषय संशोधन समितीने पहिल्यांदा परत पाठवला, तेव्हा कारण लेखी दिलं नाही. तोंडीच सांगितलं, आणि तेही हसत.

“परराष्ट्र धोरण?” समितीचे अध्यक्ष माझ्या आराखड्याचं पहिलं पान उचलून म्हणाले. “तुम्ही शिकवता कुठे?”

“एटापल्लीला, सर.”

“आणि गाव?”

“नागभीड.”

त्यांनी शेजारच्या सदस्यांकडे पाहिलं. ते सदस्य चहात बिस्कीट बुडवत होते. “मॅडम, एटापल्लीत बसून परराष्ट्र धोरणावर संशोधन होत नाही. त्याला दिल्ली लागते. अभिलेखागार लागतं, मंत्रालयाचं ग्रंथालय लागतं, निवृत्त राजदूतांच्या मुलाखती लागतात. तुम्ही असं करा, आदिवासी विकास घ्या. ग्रामसभा घ्या. साधनं अगदी दारात आहेत तुमच्या.”

“सर, माझ्या विषयाची साधनंही माझ्या दारातच आहेत.”

“अहो, परराष्ट्र धोरण जंगलात कसं सापडेल?”

सगळे हसले. मी हसले नाही. मी सांगायला सुरुवात केली. पूर्व पाकिस्तानातून जी बंगाली कुटुंबं भारतात आली, त्यातली कितीतरी सरकारने आमच्या जिल्ह्यात आणून वसवली. मुलचेऱ्याकडे, चामोर्शीकडे त्यांची गावं आहेत. कोणाला आत घ्यायचं, कोणाला परत जा म्हणायचं, शेजारच्या देशाशी काय बोलायचं, हे ठरलं दिल्लीत. पण त्या ठरावाची माणसं ट्रकमधून उतरली आमच्या जंगलात. त्यांची नातवंडं माझ्या वर्गात येतात. अध्यक्ष ज्याला परराष्ट्र धोरण म्हणत होते, ते माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसत होतं आणि मधल्या सुट्टीत डबा खात होतं.

हे शेवटचं वाक्य मी तिथे बोलले नाही. बोलायला हवं होतं. परतीच्या एस.टी.त सुचलं.

अध्यक्षांनी आराखडा माझ्याकडे सरकवला. “पुढच्या बैठकीला प्राथमिक साधनं दाखवा. इथली, हातात धरता येतील अशी. मग बघू.”

ते मला घालवण्यासाठी बोलले होते, हे मला कळलं. पण मी ते अट म्हणून धरून ठेवलं.

नागभीडला घरी गेले. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. जंक्शनवर सगळी नोकरी गेली त्यांची. अंगणात खाटेवर बसले होते.

“काय म्हणे कमिटी?”

“दिल्ली पाहिजे म्हणते.”

“मंग तू काय म्हणाली?”

“नाई म्हटलं.”

“बरं केलं,” ते म्हणाले आणि आत पाहून आईला ओरडले, “चहा ठेव वं.”

आई चहा घेऊन आली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. “तुले काऊन इतकं परदेशाचं लागलं? इथचं कमी हाये का?”

तिला काय सांगणार? ते वेड तिच्या डोळ्यांदेखतच लागलं होतं. आमच्या वस्तीतल्या विहारात एक लहानसं वाचनालय होतं. पेपर आदल्या दिवशीचा असायचा, गाडीने यायचा. मोठी माणसं त्याची पानं वाटून घ्यायची. जिल्ह्याच्या पानावर उड्या पडायच्या, खेळाचं पान तरुण पोरं पळवायची, शेतमालाच्या भावांचं पान शेतीवाले धरून बसायचे. उरायचं ते देशविदेशाचं. ते कोणालाच नको असायचं, म्हणून ते माझं. कुठल्या तरी देशाचा पंतप्रधान कुठल्या तरी देशात गेला, करार झाला, करार मोडला. नागभीडच्या धानाच्या बांध्या सोडून मी कुठेच गेलेली नव्हते आणि मला जगातल्या राजधान्या पाठ होत्या. ज्या पानावर कोणी हक्क सांगत नाही, त्यावर आपण सांगायचा, एवढं मी तिथे शिकले.

एटापल्लीच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर होते. सुट्टी लागून आली की चंद्रपूरची एस.टी. धरायची. तिथल्या एका जुन्या महाविद्यालयात सरकारी प्रकाशनांचा मोठा साठा आहे असं मी विद्यार्थिनी असताना ऐकलं होतं. ग्रंथपाल माझ्याहून वयाने लहान, बोलायला नम्र.

“संसदेच्या चर्चांचे खंड? आहेत ना मॅडम. म्हणजे होते. आता निर्लेखनाला काढलेत.”

निर्लेखन म्हणजे पुस्तक यादीतून उडवणं. त्यानंतर रद्दी.

“कुठे आहेत?”

“सायकल स्टँडच्या मागे खोली आहे. पण ती बंद असते. आणि तुम्ही आमच्या सभासद नाही.”

“मग सभासद करा.”

“बाहेरच्यांना प्राचार्यांची परवानगी लागते.”

मी प्राचार्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. ते मीटिंगला होते, मग जेवायला गेले, मग पुन्हा मीटिंग. शिपाई दोनदा येऊन म्हणाला, “बाई, उद्या या ना.” मी म्हटलं, “उद्या यायला मी चंद्रपुरात राहत नाई, भाऊ.” त्याने मग पाणी आणून दिलं. दुपार उलटल्यावर आत बोलावलं.

प्राचार्यांनी ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, तुम्ही जुन्या पद्धतीने विचार करताय. हे सगळं आता ऑनलाइन आहे. घरबसल्या.”

“सर, तुमच्याकडे वाय-फाय आहे. आपण आत्ताच उघडून पाहू.”

ते उघडायला तयार झाले. चांगला माणूस होता. संगणक त्यांनी माझ्याकडे वळवला. संकेतस्थळ उघडलं. मी सांगितला तो खंड त्यांनी निवडला. बराच वेळ पडद्यावर गोल फिरत राहिला, मग पान आलं. जाड खंड नीट न उघडता छायाप्रत काढलेली. शिवणीकडचे शब्द अर्धे आत गेलेले. मंत्र्यांच्या उत्तराचा डावा काठ कापलेला, विचारणाऱ्याच्या प्रश्नाचा उजवा. त्यांनी पुढचं पान लावलं, तेही तसंच. आणखी एक लावलं. चष्मा काढून पुसला.

“घरी माझ्याकडे एवढंही उघडत नाही,” मी म्हटलं. “एटापल्लीत पाऊस आला की मोबाइलला रेंजही नसते. तुमच्याकडे हेच पान पूर्ण आहे, सर, आणि तुम्ही ते रद्दीत देताय.”

त्यांनी घंटी वाजवून ग्रंथपालांना बोलावलं. “ती खोली तूर्त राहू द्या. आणि मॅडमना किल्ली द्या.”

खोलीत एक खिडकी होती, तिला बाहेरून बोगनवेल चढलेली. हिरव्या कापडी बांधणीचे खंड जमिनीपासून छातीपर्यंत रचलेले, काहींना वाळवी लागलेली. मी ओढणी तोंडाला बांधली आणि आधी वर्षांप्रमाणे लावायला घेतलं. पहिल्या दिवशी एक ओळही वाचली नाही, नुसती हमाली केली. ग्रंथपाल दुसऱ्या फेरीला स्वतःहून एक टेबल आणि पंखा ठेवून गेले.

वाचायला बसले तर पुष्कळ दिवस हातात काहीच आलं नाही. जुन्या कागदांत चंद्रपूर नसणार, चांदा असणार, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडचे कंडक्टर अजून ‘चांदा, चांदा’च ओरडतात. गडचिरोली तर तेव्हा वेगळा जिल्हाच नव्हता. म्हणून चांदा शोधत होते. परराष्ट्र खात्याचे प्रश्न, परराष्ट्र खात्याचे वार्षिक अहवाल, करारांचे मसुदे, सगळं पानन् पान पाहिलं. निर्वासित, निर्वासित करत बोट फिरवत होते. दोन देशांतल्या बैठका होत्या, निषेधाचे खलिते होते, सीमेवरच्या तक्रारी होत्या. चांदा मात्र नाही. अध्यक्षांचं हसणं आठवायचं आणि मी पुढचा खंड काढायचे.

मग एका प्रश्नाच्या शेवटी एक ओळ दिसली. कुणा सदस्याने विचारलं होतं की पूर्व पाकिस्तानातून येणाऱ्यांचं पुढे काय करणार, आणि परराष्ट्र खात्याच्या मंत्र्यांनी सांगितलं होतं की हा प्रश्न पुनर्वसन खात्याकडे विचारावा. बस्, एवढंच. अशी उत्तरं मी तोवर न वाचताच ओलांडून जात होते. त्या दिवशी थांबले. विचारणाऱ्याला जसं दुसऱ्या दाराकडे पाठवलं, तसं मीही त्या दाराकडे जावं, असं वाटलं. पुनर्वसन खात्याचे प्रश्न काढले आणि तिथे दुसरीच भाषा सापडली. तिथे ‘निर्वासित’ फारसा नव्हताच. ‘विस्थापित’ होता, ‘स्थलांतरित’ होता. मी इतके दिवस चुकीच्या शब्दाने चुकीचं कपाट उघडत होते.

आणि तो शब्द काही कारकुनाच्या मर्जीने पडला नव्हता, हे वाचता वाचता कळत गेलं. निर्वासित म्हटलं की जगाला जाब देणं आलं, त्याचे हक्क आले, आणि शेजारच्या देशाला सरळ दोष देणं आलं. विस्थापित म्हटलं की तो घरातला प्रश्न झाला. म्हणजे परराष्ट्र धोरण कुठे नव्हतं? ते त्या शब्दातच होतं. समितीने मला म्हटलं होतं, इथे परराष्ट्र धोरण नाही. सरकारनेही सभागृहाला तेच म्हटलं होतं, आणि त्यात सरकारचा हेतू होता.

चांदा जिल्हा हे शब्द पहिल्यांदा छापील दिसले तेव्हा मी ते मोठ्याने वाचले. खोलीत मी एकटीच होते. बाहेर सायकल काढणारा मुलगा दचकून खिडकीशी आला आणि मला पाहून निघून गेला. उत्तर छोटंच होतं: कुटुंबं तिथे पाठवली आहेत, जमीन दिली आहे, पाण्याची सोय केली आहे. मी त्या पानाची झेरॉक्स काढून घेतली.

आता जिल्ह्यातले कागद हवे होते. ज्या सरकारी कार्यालयात ते असणार होते त्याचं नाव मी सांगत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. खिडकीतल्या बाबूंनी मला प्रेमानेच विचारलं, “परराष्ट्राचं काम इथी कुठी होते, बाई? पासपोर्ट पाहिजे का तुमाले? थे पोस्टात जा.”

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं की मागितलेली माहिती परदेशाशी असलेल्या संबंधांबाबतची असल्याने देता येत नाही. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. खिडकीत उभी होते तेव्हा तिथे परराष्ट्राचं काहीच नव्हतं. अर्ज टाकल्यावर एकाएकी इतकं परराष्ट्र झालं की दाखवताच येईना. मला राग आला तसं हसूही आलं. माझा विषय परराष्ट्र धोरणाचा आहे, हे सरकारने मला लेखी कळवलं होतं. ते पत्र मी जपून ठेवलं, आणि अपील केलं.

सुनावणीला वरिष्ठ अधिकारी होते. मी आत गेले तर आधी विचारलं, “तुम्ही कोणत्या संघटनेच्या?”

“कोणत्याच नाही. मी राज्यशास्त्र शिकवते.”

“एटापल्लीला,” ते अर्जावरचा पत्ता पाहून म्हणाले. ते गावाचं नाव आमच्या भागात कसं उच्चारलं जातं ते इथल्या माणसालाच कळेल. जणू तिथून आलेल्या प्रत्येकाच्या पिशवीत काहीतरी असतं. “मॅडम, हा संवेदनशील भाग आहे. तुम्हाला हे जुने कागद कशाला हवेत?”

“कारण सांगायची सक्ती कायद्यात नाही, सर. तरी सांगते. मला अभ्यास करायचा आहे.”

“अभ्यासाला पुस्तकं असतात.”

“पुस्तकं लिहिणारे दिल्लीत असतात. ते इथे येत नाहीत, म्हणून या जिल्ह्याबद्दल पुस्तकात काही नसतं. मग मला म्हणतात, पुस्तकात नाही म्हणजे तुमच्या जिल्ह्यात काही घडलंच नाही.”

ते जरा सरसावून बसले. बाजूला बसलेले बाबू माझ्याकडे बघायला लागले. मी झेरॉक्स टेबलावर ठेवली. “हे देशाच्या संसदेत बोललं गेलं आहे आणि सरकारनेच छापलं आहे. या कुटुंबांना इथे आणलं हे तेव्हा सगळ्या जगासमोर सांगितलं. जे तेव्हा सांगता आलं, ते आज मला दाखवता येत नाही, असं कसं?”

त्यांनी कागद वाचला. सावकाश, दोनदा.

“हे कुठे मिळालं तुम्हाला?”

“चंद्रपूरला. सायकल स्टँडच्या मागे.”

ते पहिल्यांदाच हसले. मग बाबूंना म्हणाले, “बासनं काढा. मॅडमला इथे बसून पाहू द्या. झेरॉक्स कोणत्या द्यायच्या ते मी पाहीन.” निम्मं दिलं, निम्मं हातात ठेवलं. मी निम्मं घेतलं आणि उरलेल्यासाठी पुन्हा अर्ज केला. शेवटपर्यंत करत राहिले.

अभिलेख कक्षात लाल फडक्यांची बासनं होती. सोडली की धुळीचा लोट यायचा. जंगल कुठे तोडायचं, कोणत्या गावाला किती घरं, बैलजोड्या, बियाणं, दवाखाना, असा पत्रव्यवहार. त्यात आधीपासून जंगलात राहणाऱ्या गोंड गावांना कोणी काही विचारल्याचा कागद मला दिसला नाही. तो असेलही, मला सापडला नाही, असंच मी लिहिलं. बंगाली कुटुंबांना इथे येण्याबद्दल विचारलं नव्हतं आणि गोंड गावांना त्यांना घेण्याबद्दल विचारलं नव्हतं. दोघांनी पुढे एकाच आठवडी बाजारात भाजी घेतली, भांडले, एकमेकांचे सोयरे नाही पण शेजारी झाले. हे कागदात नव्हतं. त्यासाठी गावात जाणं भाग होतं.

माझी एक विद्यार्थिनी मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातली. तिने मला घरी नेलं. घराच्या मागे तळं, तळ्याकाठी केळी, अंगणात जाळं वाळत टाकलेलं. तिची आजी ओट्यावर विळीवर मासे साफ करत होती. लहानपणी आईबापांबरोबर ट्रकमधून आलेली. नातीने बंगालीत माझी ओळख करून दिली. आजीने हात न थांबवता माझ्याकडे पाहिलं. तिची मराठी तिची स्वतःची होती, बंगाली आणि हिंदी घालून केलेली.

“मास्टरनी, तुले भी कागज पाहिजे?”

“नाही आजी, मी फक्त—”

“सगळ्याले कागज पाहिजे. कधी आली, कुठून आली, बाप कोन, दाखला दिखाओ. पुरी जिंदगी कागज दिखाया. राशनवाला मांगते, पटवारी मांगते, पोराच्या शाळेत मांगते. अब तू भी आ गई. माझ्याकडे काही नाई. जा.”

नात लाजली. “आजी, मॅडम चांगल्या आहेत.” आजी माशाचं डोकं तोडून परातीत टाकत म्हणाली, “चांगलेच लोक जास्त मांगते.”

मी उठले नाही. पिशवीतून तीच झेरॉक्स काढली. “आजी, मी कागद मागायला आले नाही. मी कागद आणला आहे. तुम्हाला इथे आणलं तेव्हा दिल्लीच्या सभेत सरकार तुमच्याबद्दल काय बोललं, ते यात आहे. वाचू?”

तिने विळी आडवी केली. मी वाचलं आणि नातीने बंगालीत सांगितलं. जमीन दिली, यावर आजीने मान हलवली. दिली, हो. पाण्याची सोय केली, यावर तिची मान थांबली.

“किसने बोला?”

“मंत्र्यांनी.”

“झूठ बोला.” ती उभीच राहिली. “विहीर नव्हती. नाल्याचं पानी होतं, गढूळ. माझी छोटी बहीण तेच पिऊन गेली. विहीर झाली तेव्हा माझं लगीन झालं होतं. हे लिहिलं त्याच्यात?”

“नाही, आजी.”

“तो तू लिख.”

मी वही काढली. ती ओट्यावर पुन्हा बसली आणि बोलत गेली, मासे तसेच राहिले. नात मध्ये मध्ये सांगत होती, मग तिला रडू आलं, कारण त्या बहिणीबद्दल तिने कधी ऐकलंच नव्हतं. निघताना आजीने मला केळी दिली आणि दरडावून विचारलं, “मंत्री का झूठ काट देना. समजी?”

मी म्हटलं, “काटता येत नाही आजी. पण त्याच्या शेजारी तुमचं लिहीन.”

पुढच्या बैठकीला मी झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन गेले. अध्यक्षांनी चाळले. या वेळी हसले नाहीत. “मेहनत केली आहे,” असं म्हणाले, आणि मग, “विषय मान्य करू. फक्त शीर्षकातून परराष्ट्र धोरण काढा. ‘पुनर्वसन: एक अभ्यास’ असं करा. सोपं पडेल तुम्हाला.”

“नाही, सर.”

“यात अडून बसण्यासारखं काय आहे?”

“विस्थापित म्हणायचं की निर्वासित, हे चांद्यात ठरलं नव्हतं. ते दुसऱ्या देशाकडे बघून ठरलं. माझा प्रबंध त्या एका शब्दाबद्दल आहे. शीर्षकातून परराष्ट्र धोरण काढलं तर सरकारने तेव्हा जे केलं तेच मी पुन्हा केल्यासारखं होईल. आणि हे पाहा.” मी माहिती नाकारल्याचं ते पत्र पुढे केलं. “सरकारी कार्यालयानेच लिहून दिलं आहे की हा परदेशाशी संबंधांचा विषय आहे. आता सरकारचं ऐकायचं की नाही, ते समितीने ठरवावं.”

बिस्कीटवाले सदस्य पत्र वाचून एवढे हसले की त्यांना ठसका लागला. “असू द्या हो सर शीर्षक,” ते म्हणाले. शीर्षक राहिलं.

प्रबंध लिहायला वर्षं गेली. मधल्या काळात मी दिल्लीलाही जाऊन आले. तिथल्या वाचनकक्षात गार हवा होती, मागितलेली फाइल येत होती, कधी येत नव्हती. काम छान झालं. पण दडपण आलं नाही. काय शोधायचं ते मी इथूनच घेऊन गेले होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले, परराष्ट्र धोरणातलं मोठं नाव. इतक्या लांब ते कसे यायला तयार झाले याचं मला नवल वाटत होतं. मग कळलं की आदल्या दिवशी त्यांनी मोहर्लीला सफारी घेतली होती. वाघ दिसला नव्हता, त्यामुळे ते थोडे खट्टू होते. प्रबंध मात्र त्यांनी बारकाईने वाचला होता. भरल्या सभागृहात त्यांनी ते पान काढलं, ज्यावर वर मंत्र्यांचं उत्तर होतं आणि त्याच्याच खाली, त्याच आकाराच्या अक्षरात, आजीचं.

“संसदेतलं निवेदन आणि एका वृद्ध बाईंची तोंडी आठवण. दोन्हींना तुम्ही एकाच मापाने मोजता? हे परिशिष्टात टाका.”

वडील पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांना प्रश्न कळला की नाही माहीत नाही, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“सर, मंत्र्यांचं उत्तरही तोंडीच होतं,” मी म्हटलं. “ते सभागृहात उभं राहून बोलले. फरक इतकाच की ते लिहून घ्यायला सरकारने माणूस बसवला होता. हे लिहून घ्यायला मी बसले.”

“पण पुरावा?”

“मंत्री इथे आले नव्हते. बाई इथे होत्या. कोणाला परिशिष्टात टाकायचं, तुम्हीच सांगा.”

त्यांना ते पटलं नाही. तसं त्यांनी अहवालात नोंदवलंही. आम्ही बराच वेळ वाद घातला. ते मागे हटले नाहीत आणि मीही नाही. पदवी मात्र मिळाली, आणि ते पान जसंच्या तसं राहिलं.

बांधलेली प्रत घेऊन मी मुलचेऱ्याकडे गेले. आजी आता चालताना नातीचा हात धरते. तिने प्रत मांडीवर घेतली, उघडून दाखवायला लावली, तिचं बोलणं कुठे आहे तिथे बोट ठेवायला लावलं. नातीने वाचून दाखवलं.

“माझं नाव कुठी हाये?”

“नाव नाही घातलं, आजी. संशोधनाचा नियम असतो. माणसाला त्रास होऊ नये म्हणून नाव बदलतात. मी ‘एक वृद्ध महिला’ असं—”

“काऊन?” तिचा आवाज चढला. “मंत्र्याचं नाव हाये?”

“आहे.”

“त्याचं हाये, माझं नाई. मी काय चोरी केली? जिंदगीभर नाव पूछा सबने, लिखके लेके गये. आता मी स्वतः सांगून राह्यली, तर तू लपवते?”

नियम मला पाठ होता आणि तो तिच्यासमोर सांगायची मला लाज वाटली.

आता त्या प्रबंधाचं पुस्तक होतं आहे. प्रकाशकांनी वकिलाचा सल्ला घेऊन मला कळवलं की मुलाखत दिलेल्यांची नावं न घालणं बरं. मी आजीकडून, तिच्या नातीसमोर, तिला वाचून दाखवून नाव छापायची संमती घेतली आहे; अंगठा द्यायला सांगितला तर तिने नकार दिला आणि बंगालीत सही केली. प्रकाशकांना मी लिहिलं की आजीचं नाव छापायचं, पूर्ण छापायचं, आणि ते चालत नसेल तर पुस्तक परत पाठवा. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. मी दुसऱ्या प्रकाशकाचा पत्ता काढून ठेवला आहे.